जनावरांच्या गांठी, गाभडणें आणि विकृतिपरीक्षा

पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदे मळून झाल्यावर बैलांचीं शिंगें साळून त्यांस हिंगूळ लावण्याची आपली रीत सर्वांस ठाऊक आहे. बारा वर्षांपूर्वीं त्याच दिवशीं माझ्या जोडींतील एका बैलानें उजव्या शिंगास हात लावूं दिला नाहीं. एरव्हीं लहान मुलांसही अंगाशीं खेळूं देणारें तें जनावर मान झटकून बाजूस होई आणि पुन्हां पुन्हां तेंच शिंग खुंट्यावर घाशी. शेजाऱ्यांपैकीं एकानें झुंजींत मार बसला असेल असें सांगितलें, दुसऱ्यानें शिंगांत किडे पडले असें ठरविलें, तिसऱ्यानें दृष्ट काढावयास लाविली. मीं तिघांचेंही ऐकिलें. शिंगाच्या मुळाशीं कढत तेल सोडलें, डाग दिला, दृष्टही काढली. दिवाळीच्या सुमारास त्या बाजूच्या नाकपुडींतून रक्तमिश्रित पू येऊं लागला, आणि संक्रांतीपर्यंत शिंग खालीं वळलें. मग तें कापविलें. कापलेलें शिंग व त्याच्या मुळांतून निघालेला फुलकोबीसारखा मांसाचा गोळा मीं स्वतः उकिरड्याच्या कडेस पुरला. चैत्रांत त्याच जागीं तसाच गोळा पुन्हां वर आला, आणि बैल गेला.

त्याला कोणता रोग झाला होता हें मी आजही शपथेवर सांगूं शकत नाहीं. कर्करोग असावा असें वाटतें. परंतु ज्याचा जन्म दफ्तरांत गेला त्याचें 'असावा' ह्या शब्दानें समाधान होत नाहीं. जो गोळा मीं पुरला त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बाटलींत घालून पाठविला असता, तर रोगाचें नांव कळलें असतें. आणि मुख्य म्हणजे पोळ्याच्या वेळींच शिंगाची परीक्षा करविली असती, तर कदाचित् बैलही राहिला असता. ह्या लेखाचें प्रयोजन एवढेंच कीं, जनावराच्या अंगावरील गांठ आणि गाईचें गाभडणें ह्या दोन गोष्टींचें नांव डोळ्यांनीं वा हातानें ठरत नाहीं. तें ज्या शास्त्रानें ठरतें त्याचें काम कसें चालतें, व त्यांत आपला वांटा कोणता, हें आपणांस माहीत असावें.

गांठ हा स्वतः रोग नव्हे, तें रोगाचें चिन्ह आहे. जुवाखालीं खांद्यावर सूज येते ती बहुधा घासण्यानें, व विश्रांतीनें ती उतरते. पण तीच जुनी होऊन घट्ट बसली म्हणजे आंत पू सांचला आहे, वणाचें निबर मांस जमलें आहे, कीं एखादी नवीनच वाढ सुरू झाली आहे, हें चाचपून सांगतां येत नाहीं. कालवडींच्या मानेवर व सडांवर चामखिळी येतात. त्या एका विषाणूमुळें होतात आणि पुष्कळदां कांहीं महिन्यांत आपोआप गळून पडतात, मग ज्याचा पाला शेवटीं चोळला त्याला यश मिळतें! उलट जबड्याच्या हाडावर दगडासारखी गांठ येऊन ती फुटूं लागली म्हणजे लोक कर्करोग समजून जनावराची आशा सोडतात. अशा गांठींतील पुवांत कधीं कधीं गंधकाच्या रंगाचे बारीक कण असतात. तो कण कांचेच्या पट्टीवर चिरडून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, तर मध्यापासून चहूंकडे किरण फुटावे तसे जंतूंचे तंतु दिसतात व त्यांचीं टोकें गदेसारखीं फुगलेलीं असतात. जर्मनींतील बोलिंजर यानें १८७७ सालीं हा प्रकार गुरांच्या जबड्यांत दाखवून दिला. हें अर्बुद नव्हे, ही जंतूंची वस्ती आहे. हाड पूर्ववत् होत नाहीं, पण वेळेवर औषध मिळाल्यास रोग थांबविण्याची आशा असते.

याहून चमत्कारिक प्रकार नाकांतला. बैल घोरूं लागतो, नाकांत मांस वाढलेलें दिसतें, श्वास कोंडतो. हेंही अर्बुदासारखेंच दिसतें. परंतु शेंबडाचा थेंब तपासला असतां त्यांत विळ्यासारखीं वांकडीं अंडीं सांपडतात. तीं नाकाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या एका जंताचीं. राव ह्या भारतीय शास्त्रज्ञानें १९३३ सालीं ह्या जंताचें वर्णन केलें. तो तळ्याडबक्यांतील गोगलगाईंच्या द्वारें जनावरांत शिरतो. म्हणजे एका बैलाच्या नाकांतील मांसाचें मूळ गांवच्या पाणवठ्यांत असूं शकतें, आणि शस्त्र चालविण्यापेक्षां जंताचें औषध देणें व पाणी बदलणें हाच तेथें उपाय. तेव्हां फुलकोबीसारखें मांस दिसलें कीं तो कर्करोगच, हा नियम नाहीं.

शरीराच्या भागांत रोगामुळें जे फेरफार होतात त्यांचा अभ्यास करणारें जें शास्त्र त्यास विकृतिशास्त्र म्हणतात. बर्लिन येथील विर्चो यानें १८५८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, रोगाचें स्थान शरीरांतील पेशींत आहे व प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच उत्पन्न होते. ह्या एका सिद्धांतानें गांठीकडे पाहण्याची दृष्टि पालटली. अर्बुद म्हणजे बाहेरून शिरलेली घाण नसून, आपल्याच शरीरांतील पेशी मर्यादा सोडून वाढल्या असतां जें होतें तें, हें तेव्हांपासून स्पष्ट झालें. आपल्या इलाख्यांत ह्या विद्येचीं साधनें पुष्कळ जुनीं आहेत. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. पुण्यास १८८९ सालीं जनावरांच्या रोगजंतूंची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली व ती १८९३ सालीं हिमालयांतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. आज राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यास औंध येथें आहे.

बाटलींतून गेलेल्या तुकड्याचें तेथें काय होतें? प्रथम तो फॉर्मॅलिनच्या द्रावांत मुरून घट्ट होतो. मग अल्कोहोलमध्यें ठेवून त्यांतील पाणी काढतात व मेणांत बसवितात. त्या मेणाच्या वडीचे, एका मिलिमीटरचे सुमारें दोनशें भाग व्हावे इतके पातळ काप यंत्रानें काढतात. कांचेवर चढविलेल्या कापास दोन रंग देतात: पेशींचीं केंद्रें निळींजांभळीं होतात व बाकीचा भाग गुलाबी. निळा रंग मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या गाभ्यापासून निघतो. कपडे रंगविणाऱ्यांचा हा जुना रंग रोगाची ओळख पटविण्याच्या कामीं आला. सूक्ष्मदर्शकांतून पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ मग विचारतो: पेशी आपआपल्या रांगेंत आहेत कीं रांग सोडून खालच्या मांसांत घुसल्या आहेत? सारख्या आकाराच्या आहेत कीं लहानमोठ्या? किती पेशी दुभंगण्याच्या स्थितींत आहेत? हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या शेतांत नांगर घालणारी पेशी ती मारक, आणि आपल्याच बांधाच्या आंत कितीही वाढली तरी ती साधी, असें मोजणीच्या भाषेंत म्हणतां येईल.

आतां शिंगाच्या कर्करोगाविषयीं थोडें विस्तारानें, कारण तो भारतांतील बैलांचा खास रोग आहे. शिंग वरून कठीण असलें तरी आंत हाडाचा गाभा असतो. तो मोठ्या जनावरांत पोकळ असून कपाळाच्या पोकळीशीं व तिच्या द्वारें नाकाशीं जोडलेला असतो. म्हणूनच शिंगाच्या मुळाशीं बिघाड झाला म्हणजे रक्त नाकांतून येतें. हा रोग बहुधा पांच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयाच्या बैलांत येतो. गाईंत कमी व वळूंत क्वचितच. लांब शिंगांच्या जनावरांत तो अधिक नोंदला गेला आहे. बैल खच्ची केलेला असणें, शिंगें वारंवार साळणें व रंगविणें, दोराची घासण, ऊन, अशीं अनेक कारणें सांगितलीं जातात. एकट्या एका कारणावर बोट ठेवतां येत नाहीं. पोळा बंद करा असें मी म्हणणार नाहीं. पण शिंगें खोलवर साळूं नयेत, आणि साळतांना दोन्हीं शिंगांचें मूळ हातानें दाबून पहावें. दुखणें, ऊन लागणें, एका बाजूस कल, मान झटकणें, ह्यांपैकीं कांहींही आढळल्यास त्याच आठवड्यांत डॉक्टरास दाखवावें.

सूक्ष्मदर्शकाखालीं ह्या रोगाची एक खूण दिसते. बिघडलेल्या पेशींच्या पुंजक्यांत मध्यभागीं कांद्याच्या पापुद्र्यांसारखीं गोल वलयें असतात. शिंग ज्या पदार्थाचें बनतें तसलाच पदार्थ तेथें जागा चुकून तयार होतो. विकृतिशास्त्रज्ञ त्यांस मोतीं म्हणतात. नांव सुंदर, वस्तु भयंकर. ही खूण पटली म्हणजे शिंग मुळापासून, निरोगी भागापर्यंत काढणें, आणि मानेवरील व कानाखालील गांठींकडे लक्ष ठेवणें, हें ओघानेंच येतें. केवळ मार लागून शिंग तडकलें असेल किंवा आंत पू झाला असेल, तर इतकें खोल शस्त्र कशाला? अशा रीतीनें निदानावरच कापण्याची खोली ठरते. कापलेल्या कडेचा तुकडा वेगळा पाठविल्यास कांहीं रोग मागें राहिला काय, हेंही कळूं शकतें. माझ्या बैलाच्या बाबतींत नेमकें हेंच कोणी पाहिलें नाहीं.

येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आपल्या अंगणांत बारमाही फुलणारी जी सदाफुली, तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन नांवाचें औषध काढतात व तें कर्करोगांत टोंचतात. कुत्र्यांच्या जननेंद्रियावर संगानें पसरणारें एक रक्ताळलेलें अर्बुद असतें, त्यावर तें बहुधा उत्तम लागू पडतें. शिंगाच्या रोगांतही तें वापरून पाहिलें गेलें आहे. मात्र हें वाचून कोणी सदाफुलीचा पाला वाटून बैलास पाजूं नये. तें विषारी द्रव्य आहे, व मात्रा डॉक्टरानेंच ठरवावयाची आहे.

गाभडण्याचा विषय याहून नाजूक, कारण त्यांत गोठा आणि घर दोन्हीं गुंतलेलीं आहेत. सहाव्या महिन्यानंतर गाय गाभडली, वार अडकली, आणि पुढच्या खेपेस मात्र सरळ व्याली, तर आपण म्हणतों 'गेलें तें गेलें'. पुष्कळदां तें गेलेलें नसतें. डेन्मार्कमधील बँग यानें १८९७ सालीं गाईंच्या सांथीच्या गर्भपाताचा जंतु शोधला. त्यापूर्वीं दहा वर्षें, १८८७ सालीं, माल्टा बेटावर ब्रूस या डॉक्टरास ज्वरानें मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेंत एक जंतु सांपडला होता. १९०५ सालीं तो शेळीच्या दुधांतून येतो असें झमित यानें दाखविलें. गाईचा जंतु व माणसाचा जंतु एकाच कुळांतले आहेत हें १९१८ सालीं अमेरिकेंतील ॲलिस इव्हान्स या विदुषीनें सिद्ध केलें. ब्रूसच्या नांवावरून ह्या रोगास ब्रुसेलोसिस म्हणतात. तो जडलेली गाय पुढें व्याली तरी दुधांतून व विण्याच्या स्रावांतून जंतु टाकीत राहते. माणसास त्यापासून चढउताराचा ताप, सांधेदुखी, घाम, पुरुषांस वृषणाची सूज असे विकार होतात; औषध किमान सहा आठवडे घ्यावें लागतें. कित्येक महिने 'हिवताप, हिवताप' म्हणून गोळ्या खाणाऱ्या शेतकऱ्यानें आपल्या गोठ्यांत गाय गाभडली होती काय, हें डॉक्टरास आपण होऊन सांगावें.

अडलेल्या गाईच्या पोटांत उघडा हात घालणें आपण धाडसाचें समजतों. माझ्याही हातून तें झालें आहे. पडलेला गर्भ उकिरड्यावर फेंकणें किंवा कुत्र्यांपुढें टाकणें हें तर सर्रास चालतें. घरांतील गरोदर बाईनें असा गोठा मुळींच साफ करूं नये. हातमोजे घालावे, नमुना काढून झाल्यावर गर्भ व वार खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावी, दूध उकळल्यावांचून पिऊं नये. गाभडण्याचें कारण मात्र हाच एक रोग असतो असें नाहीं. वळूपासून येणारे सूक्ष्म जीव, विषाणू, उंदरांच्या मुतानें दूषित पाणी, बुरशी लागलेला चारा, मार, उपासमार, हीं सर्व कारणें आहेत. म्हणून प्रयोगशाळेंत गर्भाच्या पोटांतील द्रव, वारेवरील फुलें, गाईचें रक्त हें सर्व तपासतात. रक्ताची एक परीक्षा फार सोपी आहे: रक्तजलाचा एक थेंब व गुलाबी रंगविलेल्या मृत जंतूंचा एक थेंब पट्टीवर मिसळतात; चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर रोगाचा संशय दृढ होतो, व पुढील परीक्षा करितात. रोग जडलेल्या गाईस खात्रीचें औषध नाहीं, परंतु कालवडींस चार ते आठ महिन्यांच्या वयांत एकदां लस टोंचली म्हणजे चांगलें संरक्षण मिळतें. २०१९ पासून केंद्र सरकारच्या योजनेंत ही लस दिली जाते. गाभण गाईस व गोऱ्ह्यांस ती देत नाहींत.

माझ्या परिचयांतील एका शेतकऱ्यानें रक्ताचा निकाल आल्यावर गाय बाजारांत विकली. घेणाऱ्यास त्यानें कांहीं सांगितलें नाहीं. खरेदीखतांत बोजा लपविणारा माणूस आपण फसवा म्हणतों. ह्याला काय म्हणावें हें वाचकांनींच ठरवावें.

गाय वारंवार उलटते, तेव्हां मात्र प्रयोगशाळेकडे धांव घेण्यापूर्वीं गव्हाणीकडे पहावें. उपाशी जनावर माजावर येत नाहीं व आलें तरी फळत नाहीं. तीन वेळां फळवूनही गाय राहिली नाहीं तर मग डॉक्टर. गर्भाशयांत सूक्ष्म सूज असेल तर वरून कांहीं दिसत नाहीं. माजाच्या वेळचा बळस घेऊन कॉस्टिक सोड्याच्या द्रावांत तापविला व पिवळा रंग आला, तर आंत पुवाच्या पेशी आहेत असें समजतात. त्याच बळसांतील जंतु वाढवून कोणतें औषध त्यांस मारतें हें पाहतां येतें. तसें न पाहतां दर महिन्यास पिशवींत नवें औषध सोडविणें म्हणजे पैसा व गाय दोन्हीं झिजविणें. एक प्रकार तर औषधाच्या पलीकडचा आहे. गोऱ्हा व कालवड अशीं जुळीं झालीं, तर अशा दहा कालवडींपैकीं नऊ वांझ निघतात. पोटांत असतांना दोघांचें रक्त एकमेकांत मिसळतें व कालवडीचीं इंद्रियें अपुरीं राहतात. हंटर यानें १७७९ सालीं अशा जनावरांचें वर्णन केलें, कारण १९१६ सालीं लिली यानें उलगडलें. तिला तीन वर्षें पोसून नशिबास बोल लावण्यापेक्षां लहानपणींच परीक्षा करून घ्यावी.

गाईगुरांविषयीं इतकें लिहिल्यावर घरांतील माणसांविषयीं दोन ओळी लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं. पेशींचा कायदा दोघांस एकच. उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या गटास विषाणूची तपासणी एकदां देण्यांत आली व संशयित स्त्रियांची पुढील परीक्षा व उपचार झाले, त्या गटांत ह्या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटले. त्या आपल्यासारख्याच शेतकरी घरांतील बायका होत्या. पांढरें जाणें, अवेळीं रक्त जाणें हें लाजेनें झांकून ठेवण्याचें नाहीं.

आतां नमुना कसा पाठवावा. आमच्या कामांत पंचनामा जसा जागा हलविण्यापूर्वीं करावा लागे, तसाच नमुना डाग देण्यापूर्वीं, औषध टोंचण्यापूर्वीं व गर्भ पुरण्यापूर्वीं घ्यावा. भाजलेल्या मांसांत विकृतिशास्त्रज्ञास कांहींच वाचतां येत नाहीं. तो शक्यतों डॉक्टरानें घ्यावा, पण बाटल्या व बर्फ यांची तजवीज आपण ठेवावी. बाटल्या दोन, आणि त्यांची अदलाबदल हाच सर्वांत मोठा घोटाळा. पेशी पाहावयाच्या असतील तर तुकडा फॉर्मॅलिनमध्यें: एक भाग बाजारी फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी, आणि तुकड्याच्या दहापट द्राव. तुकडा अर्ध्या सेंटीमीटरहून फार जाड नसावा, नाहींतर आंतील भाग सडतो. गांठीची कड व लगतचा निरोगी भाग त्यांत यावा, कारण मधला भाग पुष्कळदां मेलेला असतो. ही बाटली बर्फांत गोठवूं नये. जंतु वाढवावयाचे असतील तर दुसरी, निर्जंतुक व कोरडी बाटली घ्यावी. तींत फॉर्मॅलिनचा थेंबही नको, कारण त्यानें जंतु मरतात. ही बर्फाच्या डब्यांतून न्यावी. आमच्या भागांत एकानें वारेचा तुकडा मोठ्या काळजीनें फॉर्मॅलिनमध्यें घालून जंतुपरीक्षेस पाठविला व 'जंतु आढळले नाहींत' असा शेरा आल्यावर निर्धास्त झाला. पुढच्या वर्षीं त्याच्या आणखी दोन गाई गाभडल्या.

बाटलीवर पेन्सिलीनें लिहिलेली चिठ्ठी असावी, शाई ओलाव्यानें पुसते. मालकाचें नांव, गांव, कानांतील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, जनावराचें वय, गांठ केव्हांपासून व कोणत्या बाजूस, किंवा गर्भ कितव्या महिन्याचा, आधीं किती गाई गाभडल्या, लस दिली होती काय, दिलेली औषधें, व नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, इतकें अर्जांत असावें. लस टोंचल्याची नोंद विशेषतः लिहावी, कारण लसीमुळेंही रक्ताच्या परीक्षेंत गुठळ्या येऊं शकतात. नरडाण्याच्या आसपासच्यांनीं नमुना आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत, आग्रा रस्त्यानें धुळ्याकडे सकाळच्या गाडीनें जाईल असा द्यावा. शनिवारीं दुपारीं घेतलेला नमुना रविवारभर पडून राहतो. पोंच घेऊन तिचा क्रमांक वहींत टिपून ठेवावा, आणि निकाल आठ-पंधरा दिवसांत न आल्यास त्याच क्रमांकानें विचारणा करावी.